बहिरेपणावरील तीन निवाडे

१९०० साली पॅरिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत कर्णरोगतज्ज्ञांनी एका शस्त्रक्रियेविषयी आपला निवाडा दिला. कानातले एक चिमुकले हाड जागच्या जागी जखडून बसल्यामुळे जे बहिरेपण येते, ते त्या हाडाला हालवून किंवा ते काढून टाकून बरे करण्याचा प्रयत्न त्यापूर्वीची वीस-बावीस वर्षे काही शल्यवैद्य करीत होते. व्हिएन्नाचे पोलिट्झर आणि बाझेलचे झीबेनमान हे त्या काळचे ह्या शास्त्रातील अधिकारी पुरुष. त्यांनी ही शस्त्रक्रिया निरुपयोगी व धोक्याची ठरविली आणि त्यांच्या शब्दाचे वजन असे की, पुढे अर्धशतक तिचे नाव काढण्यास कोणी धजले नाही. आज तीच शस्त्रक्रिया जगातील सर्व मोठ्या शहरांतून नित्य होते.

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा शोधांची मालिका म्हणून सांगतो. बहिरेपणावरील उपचारांच्या बाबतीत मला शोधांपेक्षा निवाड्यांचा इतिहास अधिक उद्बोधक वाटतो. अमुक गोष्ट होणे नाही, असे जाणत्यांनी म्हटले. ज्या दिवशी म्हटले त्या दिवशी तसे म्हणण्यास सबळ कारणही होते. पुढे ते कारण नाहीसे झाले, निवाडा मात्र मागे राहिला आणि त्याचा भुर्दंड ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांनी भरला. असे निदान तीनदा घडले.

प्रथम कानाची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. ध्वनी कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. पडद्याचे कंपन हातोडी, ऐरण आणि रिकीब ह्या एकापुढे एक जोडलेल्या तीन हाडांतून आत जाते. रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याची उंची तीन मिलिमीटरच्या आसपास. त्याचे तळपाऊल अंतर्कर्णाच्या एका अंडाकृती खिडकीत बसविलेले असते. खिडकीच्या पलीकडे शंखासारखी सुमारे अडीच वेटोळी घेतलेली, द्रवाने भरलेली नळी आहे. तिला कर्णावर्त म्हणतात. त्या द्रवातील लाटांनी नळीतील रोमपेशी, म्हणजे अंगावर सूक्ष्म केस असलेल्या पेशी, वाकतात व त्यातून विजेचा संकेत निर्माण होऊन श्रवणचेतेवाटे मेंदूकडे जातो. म्हणजे खिडकीच्या अलीकडचे काम यंत्राचे, पलीकडचे काम विजेचे. बहिरेपण कोठे आहे, अलीकडे की पलीकडे, ह्या एका प्रश्नावर सारे उपचार अवलंबून असतात. पण हा प्रश्न नीट विचारला जाण्यासच एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आपल्या सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजले आहेत, बाधिर्याला त्यांत स्वतंत्र स्थान आहे आणि त्यावर बेलाच्या तेलाने कान भरावयास सांगितले आहे. युरोपातही तेले, पोटिसे आणि जळवा ह्यांपलीकडे फारसे काही नव्हते. १७२४ साली व्हर्सायच्या ग्यियो नावाच्या एका पोस्टमास्तराने मात्र तोंडातून वाकडी नळी घालून घशाकडून कानाकडे जाणारा मार्ग धुऊन काढला व स्वतःचे बहिरेपण घालविले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने ही युक्ती सादर केली. वैद्य नसलेल्या माणसाने केलेला हा उपचार वैद्यांना बराच काळ पुरला.

जखडलेल्या रिकिबीचा शोध शवविच्छेदनातून लागला. लंडनच्या जोसेफ टॉयन्बी ह्यांनी दीड हजारांहून अधिक मृतांचे कान उघडून पाहिले आणि अनेक बहिऱ्या माणसांच्या कानांत रिकीब भोवतालच्या हाडाशी एकजीव झालेली त्यांना आढळली. (हे गृहस्थ १८६६ साली मरण पावले, ते कानात होणाऱ्या नादावर क्लोरोफॉर्मचा प्रयोग स्वतःवरच करताना.) त्यानंतर ग्रात्सचे केसेल ह्यांनी जिवंत माणसाची रिकीब हालविण्याचे धाडस केले आणि १८७८ साली ते प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये मियो ह्यांनी १८९० साली अशा दोनशे शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला. काही रुग्णांना खरोखरच ऐकू येऊ लागले होते.

मग पोलिट्झर आणि झीबेनमान चुकले काय? १९०० साली तरी नाही, असे मी म्हणेन. ती खिडकी उघडणे म्हणजे अंतर्कर्ण बाहेरच्या जगाला उघडा करणे होय. आणि अंतर्कर्णापासून मेंदूचे आवरण दूर नाही. जंतूंचा प्रवेश झाला तर उरलेसुरले ऐकणे जाई आणि कित्येकदा प्राणही जाई. प्रतिजैविक औषधे नव्हती, पुरेसा प्रकाश नव्हता, तीन मिलिमीटरचे हाड डोळ्यांनी पाहून हाताने हाताळावयाचे होते. बहिरेपणाने कोणी मरत नाही. मग त्यासाठी मृत्यूचा धोका का पत्करावा? हा युक्तिवाद बिनतोड होता. पण १९४० नंतर पेनिसिलिन हाती आले. स्टॉकहोममध्ये १९२० नंतरच्या काळात कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला जाऊ लागला आणि १९५३ साली झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठी बनविलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आला. निवाड्यामागची दोन्ही कारणे अशी संपली, तरीही रिकिबीकडे परत वळावे असे कोणाला वाटेना. सगळे तिला वळसा घालून जात होते. स्वीडनचे होल्मग्रेन आणि फ्रान्सचे सूर्दिय ह्यांनी अंतर्कर्णाला दुसरीकडे नवी खिडकी पाडण्याची पद्धत काढली. न्यूयॉर्कच्या ज्यूलियस लेंपर्ट ह्यांनी १९३८ साली ती एकाच बैठकीत उरकण्याइतकी सुधारली. शस्त्रक्रिया मोठी, रुग्णाला कित्येक दिवस चक्कर येई, कानात कायमची पोकळी राहून ती जन्मभर साफ करून घ्यावी लागे. मूळ दार अडकले म्हणून भिंत फोडून घरात शिरण्यासारखाच हा प्रकार होता. पण दाराची कडी हालवून पाहावयाची नाही, असे पॅरिसला ठरले होते ना!

ती कडी १९५२ सालच्या एप्रिलमध्ये हालली, आणि तीही चुकून. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल रोझेन हे लेंपर्ट ह्यांच्या पद्धतीची शस्त्रक्रिया करीत होते. रिकीब खरोखरच जखडलेली आहे ना, ह्याची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी तिला हत्याराने किंचित रेटा दिला आणि ती सुटली. रुग्णाला केवळ कानापुरती भूल दिलेली होती, तो जागा होता. आपल्याला तुमचे बोलणे ऐकू येते, असे त्याने टेबलावरूनच सांगितले. रुग्ण पूर्ण भुलीखाली असता तर ही गोष्ट त्या घटकेला कोणाच्या ध्यानात आली नसती. रोझेन ह्यांनी नवी खिडकी पाडण्याचा बेत सोडून दिला आणि जुने, निषिद्ध ठरलेले काम पुन्हा हाती घेतले.

सुटलेली रिकीब काही महिन्यांनी पुष्कळदा पुन्हा जखडे, ही त्यातील उणीव. ती मेंफिसच्या जॉन शे ह्यांनी भरून काढली. १ मे १९५६ रोजी त्यांनी एका बाईची रिकीब पूर्णपणे काढून टाकली, उघड्या खिडकीवर तिच्याच शरीरातील ऊतीचा पातळ थर पसरला आणि टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब तेथे बसविली. टेफ्लॉन म्हणजे पुढे आपल्या तव्यांवर आले ते द्रव्य. सुरुवातीला सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले. दहा वर्षांत ते सर्वत्र करू लागले. छप्पन्न वर्षांत असंख्य माणसे, त्यांत बाया पुष्कळ, कारण हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो, दाराशी उभी राहून मेली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

खिडकीच्या पलीकडचे बहिरेपण मात्र असे हाताला लागणारे नव्हते. रोमपेशी मेल्या की त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. प्रत्येक कानात त्या जन्मतः जेमतेम पंधरा हजार असतात. डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी कोट्यवधी, त्या मानाने निसर्गाने येथे हात आखडताच घेतला आहे. म्हातारपण, कारखान्यांतील आवाज, गोवर किंवा मेंदूज्वर, काही औषधे, आईबापांकडून आलेला दोष, अशा नाना कारणांनी त्या नष्ट होतात. उरलेल्या पेशींना आवाज मोठा करून पोहोचविणे एवढेच शतकानुशतके शक्य होते. बीथोव्हनसाठी मेल्झेल ह्यांनी पितळी कर्णे बनविले होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टेलिफोनचे तत्त्व वापरून विजेचे श्रवणयंत्र निघाले, आणि ज्या ट्रान्झिस्टरने रेडिओ आपल्या खिशात आणला, तो रेडिओच्याही आधी, १९५२ साली, श्रवणयंत्रात बसला. १९९६ च्या सुमारास ही यंत्रे संपूर्ण अंकीय झाली. पण ज्याच्या रोमपेशीच उरल्या नाहीत त्याला कितीही मोठ्याने सांगितले तरी काय उपयोग?

अशा माणसाच्या श्रवणचेतेला सरळ विजेनेच जागे करावे, ही कल्पना जुनी आहे. बॅटरीचा जनक व्होल्टा ह्याने १८०० साली आपल्या दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून त्या बॅटरीला जोडल्या. डोक्यात धक्का बसला आणि एखादा दाट पदार्थ रटरट शिजत असावा तसा आवाज त्याला ऐकू आला. प्रयोग पुन्हा करण्याची त्याला इच्छा राहिली नाही. १९५७ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये ज्यूर्नो आणि एरिएस ह्यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवणचेतेपाशी तारेचे वेटोळे बसविले. त्याला रातकिड्यांसारखा आवाज ऐकू येऊ लागला आणि सरावाने दोन-चार सोपे शब्द ओळखता येऊ लागले. ते वेटोळे बिघडले, दुसरे बसविले, तेही बिघडले आणि प्रयोग थांबला. ह्या प्रयोगाची वार्ता लॉस अँजेलिसच्या विल्यम हाऊस ह्यांना कळली ती एका रुग्णाने आणून दिलेल्या वृत्तपत्राच्या कात्रणातून. हाऊस आधी दंतवैद्य होते, मग कर्णवैद्य झाले. १९६१ साली त्यांनी कर्णावर्तात तार घालून पाहिली.

येथे दुसरा निवाडा आला. तो कोणत्याही एका परिषदेत मंजूर झाला नाही. पण १९६० ते १९७५ ह्या काळात श्रवणशास्त्रातले बहुतेक मोठे पंडित त्याच मताचे होते. त्यांचे म्हणणे असे, की श्रवणचेतेत सुमारे तीस हजार तंतू आहेत; प्रत्येक तंतूला आपापला स्वर वाटून दिलेला आहे; त्या सर्वांना एका तारेने एकदम डिवचून मनुष्याला भाषा समजेल, हे म्हणणे पेटीच्या सर्व पट्ट्या एकदम तळहाताने दाबून त्यातून राग निघेल, असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय तार आत घातल्याने उरलेल्या चेताही मरतील. हाऊस ह्यांच्या रुग्णांना ह्या पंडितांपैकी थोड्यांनीच भेटून पाहिले होते. अखेर अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने पिट्सबर्गच्या बिल्गर ह्यांच्याकडे चौकशी सोपविली. त्यांनी अशा तेरा रुग्णांची तपासणी केली. १९७७ सालच्या त्यांच्या अहवालाचा आशय असा, की ह्या यंत्राने भाषा समजत नाही, हे खरे. परंतु ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे सोपे होते, स्वतःचा आवाज आवरता येतो आणि रुग्णांचे जीवन निश्चित सुधारते. पंडितांचा युक्तिवाद खोटा नव्हता. एका तारेपुरता तो खराच होता. चूक एवढीच, की तारा अनेक असू शकतात हा विचार करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले नाही.

ते काम व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर ह्या दांपत्याने केले आणि मेलबर्नमध्ये ग्रॅएम क्लार्क ह्यांनी. क्लार्क ह्यांचे वडील एका लहान गावात औषधांचे दुकान चालवीत आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. गिऱ्हाइकांनी आपली खासगी दुखणी ओरडून सांगावी लागत असल्याने दुकानात सर्वांचीच पंचाईत होई. मुलाने ते लहानपणी पाहिले होते. वेटोळ्या कर्णावर्तात लवचिक तार खोलवर कशी सरकवावी, हा प्रश्न त्यांना बरीच वर्षे सुटेना. एकदा समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीत असताना त्यांनी एका शंखात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला मऊ आणि बुडाशी ताठ असलेली पाती वेटोळ्यातून सहज आत जाई. तार तशीच केली. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. पुढच्या तपासण्यांत त्याला प्रथम राष्ट्रगीताची चाल ओळखता आली आणि नंतर, केवळ ऐकून, ओठांकडे न पाहता, शब्द.

१९८५ साली बावीस तारांचे हे कृत्रिम कर्णावर्त प्रौढांना आणि १९९० साली दोन वर्षांवरील मुलांना बसविण्यास अमेरिकेत परवानगी मिळाली. २०२२ पर्यंत जगात अशी सुमारे दहा लाख यंत्रे बसविली गेली होती. तीस हजार तंतूंचे काम बावीस तारांनी कसे भागते, ह्याचे उत्तर पुष्कळसे मेंदूपाशी आहे. तो अपुऱ्या इशाऱ्यांतून भाषा जुळवून घेतो, पण त्याची ही शक्ती बाल्यात असते. जन्मतः बहिऱ्या मुलाला साधारणपणे साडेतीन वर्षांच्या आत ध्वनी मिळाला, तर मेंदूतील श्रवणाचा भाग नीट घडतो. सातव्या-आठव्या वर्षी मिळाला तर आवाज कळतो, भाषा क्वचितच कळते. म्हणून मूल उशिरा बोलेल, घरात त्याचे काकाही उशिराच बोलले होते, असे म्हणून वाट पाहणाऱ्या घरांत जो काळ जातो तो परत मिळत नाही. भारतात २०१४ पासून अपंगांना साधने पुरविणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत लहान मुलांसाठी ह्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. मुंबईतील अली यावर जंग संस्थेकडे तिच्या व्यवस्थेचे काम सोपविण्यात आले. परंतु शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची आणि नंतरचे शिक्षण दोन-तीन वर्षांचे. १९६५ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत मुलांबरोबर आईबापांनाही हे शिकविले जाते, ते ह्याच कारणासाठी. बाहेरच्या भागाची दुरुस्ती, बॅटऱ्या, तारा ह्यांचा खर्च तर जन्माचाच.

मुलांना हे यंत्र बसविण्याची गोष्ट निघाली तेव्हा सर्वांत कडाडून विरोध कोणी केला असेल, तर तो खुद्द कर्णबधिरांनी. १९९१ साली अमेरिकेतील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याचा निषेध केला. ऐकणाऱ्यांना हे कृतघ्नपणाचे वाटले. परंतु त्यामागे तिसरा निवाडा होता आणि तो ह्या तिन्हींत सर्वांत वाईट.

१८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी दीडशेहून अधिक. त्यांत कर्णबधिर फक्त एक. बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकवावे, खुणांची भाषा शाळेतून काढून टाकावी, असा ठराव तेथे प्रचंड बहुमताने संमत झाला. त्यापूर्वी शंभर वर्षे, पॅरिसच्या आबे द लेपे ह्यांच्या शाळेपासून, खुणांच्या भाषेत शिकून कर्णबधिर माणसे शिक्षक झाली होती, लेखक झाली होती. ठरावानंतर युरोपातील शाळांतून कर्णबधिर शिक्षकांना निरोप मिळाला आणि खुणा करणाऱ्या मुलांचे हात बांधण्यापर्यंत किंवा त्यांवर छड्या मारण्यापर्यंत मजल गेली. पहिल्या दोन निवाड्यांना निदान शास्त्रीय आधार होता. ह्याला तोही नव्हता. बोलतो तोच माणूस, ही समजूत तेवढी होती. वैद्यकाने ह्यापूर्वीही ह्या मुलांशी काही बरा व्यवहार केला नव्हता. पॅरिसच्या शाळेचे वैद्य इतार, रानात सापडलेल्या मुलाला शिकविणारे म्हणून जे प्रसिद्ध आहेत तेच, त्यांनी विद्यार्थ्यांच्या कानांवर वीज, जळवा, डाग, पडद्याला छिद्रे असे सर्व प्रकार करून पाहिले आणि शेवटी हार मानली. दुरुस्त करण्याच्या उत्साहाला कर्णबधिर समाज का भ्याला, हे ह्यावरून कळावे. मिलानचा ठराव नाकारला गेला तो २०१० साली, कॅनडातील व्हँकूव्हर येथे, त्याच परंपरेतील परिषदेत. म्हणजे एकशे तीस वर्षांनी. दरम्यान अमेरिकन संघटनेनेही २००० साली आपला विरोध सौम्य केला होता. यंत्र असलेल्या मुलालाही खुणांची भाषा यावी, कारण रात्री यंत्र काढल्यावर ते पुन्हा बहिरेच असते, हे मत आता पुष्कळ ठिकाणी मान्य आहे. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले ते २०१५ साली.

उपचारांच्या ह्या इतिहासात एक प्रकरण उलट्या दिशेचेही आहे. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन निघाले तेव्हा लक्षावधी जीव वाचले. पण त्या वर्गातील औषधे रोमपेशी मारतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णाला महिनोन्महिने कॅनामायसिनची इंजेक्शने घ्यावी लागत, आणि बरे होऊन घरी जाणाऱ्यांपैकी कित्येकजण बहिरे होऊन जात. प्राण वाचवावयाचे म्हणजे कान द्यावे लागणारच, हे गृहीत धरलेले होते. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असे सांगून तोंडाने घ्यावयाच्या औषधांना पुढे केले. मुंबईसारख्या, ह्या क्षयाने गांजलेल्या शहरात कृत्रिम कर्णावर्तापेक्षा ह्या एका बदलाने अधिक माणसांचे कान वाचावेत, असा माझा तर्क आहे.

आणि रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत, ह्या विधानाचे काय? ते माणसापुरते अजून खरे आहे. १९८८ साली कोंबडीच्या पिलांत आणि लाव्यांत त्या मेल्यावर नव्याने उगवतात असे दिसून आले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. माणसाच्या कानात औषध टोचून तसेच घडवून आणण्याचा एका अमेरिकन कंपनीचा गाजलेला प्रयत्न २०२३ साली निष्फळ ठरला. त्यामुळे गेलेले ऐकणे औषधाने परत आणून देतो, अशी जाहिरात कोणी करीत असेल, तर खिसा सांभाळावा.

एका ठिकाणी मात्र वेगळे घडले आहे. जन्मजात आनुवंशिक बहिरेपणाचा एक विरळ प्रकार असा आहे, की त्यात रोमपेशी जिवंत असतात, पण ओटोफर्लिन नावाचे प्रथिन नसल्याने त्यांचा संकेत चेतेपर्यंत पोहोचत नाही. त्या प्रथिनाचा जनुक निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर घालून कानात सोडावयाचा. पण जनुक लांब आणि विषाणू लहान. म्हणून त्याचे दोन तुकडे करून ते दोन विषाणूंवर लादले, पेशीत गेल्यावर ते जुळतात. शांघायच्या फूदान विद्यापीठाच्या नेत्र व नाक-कान-घसा रुग्णालयात हा उपचार झालेल्या सहा मुलांचा वृत्तान्त २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. त्यानंतर त्याच वर्षी दोन्ही कानांत उपचार झालेल्या पाच मुलांचा वृत्तान्त आला. आवाज कोणत्या बाजूने येतो, तेही त्यांना कळू लागले होते. ही मुले बहुतेक शाळेत जाण्याच्या वयाच्या आतली आहेत. घातलेला जनुक किती वर्षे काम देतो हे पाहण्यासाठी डॉक्टर त्यांचे कान ठरावीक मुदतीने तपासत असतात.